कोकणा भाषेसाठी आवाज ओळखणारी यंत्रणा : आधी ध्वनिमुद्रण की आधी लेखन?

सातमाळा
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नोकरी करतो. आमचे मूळ गाव कळवण तालुक्यात असून घरात कोकणा ही आदिवासी भाषा बोलली जाते. गेल्या महिन्यात आजी सिडकोतल्या घरी राहायला आली होती. तिला टाइप करता येत नाही, म्हणून फोनशी बोलून माहिती कशी विचारायची ते मी तिला दाखवत होतो. तिने आपल्या भाषेत, आपल्या चालीने विचारले. फोनने ते मराठी समजून लिहिले आणि नागली (नाचणी) या पिकाचे ‘नागरी’ व खुरासणी या तेलबियांचे ‘खुर्ची आणि’ करून ठेवले. दुसऱ्या वेळी ती मराठीत बोलली, तीही आकाशवाणीच्या निवेदिकेसारखी, एकेक शब्द तोलून. आम्ही सगळे हसलो. ती मात्र त्यानंतर फोनशी एकदाही कोकणा बोलली नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की कोकणा ओळखणारे एखादे लहानसे मॉडेल आपणच का करू नये. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेव्हटूव्हेक २.० या पद्धतीत आधी लेखनाविना नुसता आवाज ऐकवून मॉडेल घडवतात आणि नंतर थोड्याशा लिहिलेल्या ध्वनिमुद्रणावर त्याला लिहायला शिकवतात. त्या प्रयोगात अवघ्या १० मिनिटांच्या लिहिलेल्या ध्वनिमुद्रणावर चांगला निकाल मिळाला होता. त्यामुळे हुरूप आला आहे. अडचण अशी की कोकणाचे सर्वमान्य लेखन नाही. आधी जाणत्यांना एकत्र बसवून शब्द कसे लिहायचे ते ठरवावे, की जमेल तेवढे बोलणे मुद्रित करून ठेवावे आणि लेखनाचे नंतर पाहावे? ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

पंचवटी_एक्सप्रेस
फोनच्या भाषांच्या यादीत ‘कोकणी’ आहे की. ती निवडून पाहिलीत का?

सातमाळा
पाहिली. ती गोव्याची कोकणी आहे, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आलेली, आणि तिचा आमच्या कोकणाशी संबंध नावापुरताच आहे. आमच्याकडे जातीच्या दाखल्यावर ‘कोकणा’ आणि ‘कोकणी’ ही दोन्ही रूपे चालतात, त्यामुळे हा गोंधळ जुनाच आहे. ‘कोकणी म्हणजे मासे खाणारे का?’ असे मला कॉलेजात विचारणारे आता माझे चांगले मित्र आहेत.

बागलाणकर
आमची अहिराणी. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली १८ लाख ६० हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली, म्हणजे संख्येने आम्ही लहान नाही. तरीही आईने फोनला ‘मना डोया दुखी राह्यनात’ असे सांगितले तेव्हा फोनने ‘म्हणा दोघा दुखी राहिलात’ असे लिहून दिले. आमच्याकडे मराठीतल्या ‘ळ’च्या जागी बहुतेक ठिकाणी ‘य’ येतो, काळ्याचा काया आणि शाळेची शाया होते. मराठीवर शिकलेल्या यंत्राला ही आपली स्वतंत्र रीत आहे हे कळत नाही. ते चूक समजून ‘दुरुस्ती’ करते.

आणखी एक गंमत पाहा. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांच्या यादीत अहिराणीला वेगळा संकेत आहे आणि खानदेशीला वेगळा. उद्या कोणी थोडे ध्वनिमुद्रण एका संकेताखाली ठेवले आणि थोडे दुसऱ्याखाली, तर आहे तो साठाही दुभंगेल. माझे मत असे की भाषा यंत्रासाठी लहान ठरते ती बोलणाऱ्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर तिच्यात लिहिलेला मजकूर किती आहे त्यावरून. कोकणाला संकेत आहे का?

शून्य_एक
@बागलाणकर, आहे. कोकणा आणि वारली या दोन्हींना त्या यादीत स्वतंत्र संकेत आहेत. सातमाळा, फायलींना नावे देताना पहिल्या दिवसापासून तोच संकेत वापरा.

आता त्या १० मिनिटांबद्दल, कारण या आकड्याने अनेकांना फसवले आहे. लिहिलेले ध्वनिमुद्रण १० मिनिटांचे होते हे खरे, परंतु त्याआधी मॉडेलने सुमारे ५३ हजार तासांचे बोलणे ऐकले होते आणि ते सगळे इंग्रजीच होते. चाचणीही इंग्रजीचीच होती, तीही वाचून दाखवलेल्या पुस्तकांची. शिवाय शब्द जुळवायला इंग्रजी मजकुराचे प्रचंड भांडार हाताशी होते. कोकणाकडे यांतले काहीच नाही. अनेक भाषांवर घडवलेले तयार मॉडेल घ्या. त्यात मराठी, गुजराती असल्या तर कोकणाला शेजारधर्माचा फायदा होईल. पण १० मिनिटे विसरा आणि निदान काही तासांची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट अशी की चाचणीसाठी माणसे वेगळी ठेवा, वाक्ये नव्हे. तुमच्या आजीची शंभर वाक्ये घेऊन त्यांतली ऐंशी शिकवायला आणि वीस तपासायला वापरली, तर यंत्र आजीचा आवाज पाठ करील आणि निकाल पाहून तुम्ही पेढे वाटाल. मग शेजारच्या पाड्यावरची मावशी बोलली की सगळे उघडे पडेल. पहिल्या प्रयत्नात मी पेढे वाटले होते.

जुना_ध्वनिमुद्रक
माझे आयुष्य माइकच्या मागे गेले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यंत्राला ऐकायला शिकवण्याचे काम आणि बोलायला शिकवण्याचे काम ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि त्यांना लागणारे ध्वनिमुद्रण जवळजवळ उलट प्रकारचे असते. यंत्राने बोलावे असे वाटत असेल तर एकच चांगला आवाज, शांत खोली, एकच माइक, तोंडापासून तेवढेच अंतर आणि अनेक तासांची चिकाटी लागते. ओळखायचे असेल तर पुष्कळ माणसे हवीत : म्हातारी, पोरे, दात पडलेले, तंबाखू तोंडात धरून बोलणारे, आणि त्यांच्या मागे चालणारा सगळा संसार. तो आवाज पुसून काढू नका. पत्र्यावरचा पाऊस, पिठाची गिरणी आणि कोंबडा हे प्रत्यक्ष वापरातही असणारच आहेत. फक्त बोलणाऱ्याचा शब्द त्यांच्यावर राहिला पाहिजे.

तिसरी बाब क्वचितच कोणी सांगतो. ही यंत्रणा शेवटी कोठे वापरली जाणार? साध्या फोनच्या ओळीवर आवाज सेकंदाला ८ हजार वेळा मोजला जातो, तर अशा मॉडेलांना बहुधा १६ हजारांची सवय असते. फोनच्या ओळीवर सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही पोहोचत नाही, आणि ‘स’, ‘श’ यांची ओळख पटवणारा सीत्कार नेमका त्याच्या वरच्या भागात असतो. म्हणून साध्या फोनवर चालणारी सेवा करायची असेल तर काही ध्वनिमुद्रण फोनवरूनच घ्या. स्टुडिओत शिकलेले यंत्र फोनवर बहिरे होते. व्हॉट्सॲपवरून आलेले आवाज मूळ संग्रह म्हणून ठेवू नका, कारण जागा वाचवण्यासाठी त्यांतून जे काढून टाकले जाते ते परत मिळत नाही. घरात भिंतींवरून आवाज घुमत असेल तर दोन गोधड्या टांगा. महागड्या सामानाइतकेच काम होते.

सुरगाण्याचे_मास्तर
सर्वांचे वाचले. मी सुरगाणा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे आणि माझीही घरची भाषा कोकणा आहे. मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, राग मानू नये.

‘आधी लेखन ठरवू’ म्हणून बसलात तर उठणार नाही. सुरगाण्याचे, पेठचे, कळवणचे आणि पलीकडे गुजरातेत डांगमधले कोकणा एकमेकांना समजते, पण शब्दाची शेपटी प्रत्येकाची निराळी आहे. कोणाची प्रमाण धरणार? ज्याचे गाव निवडाल त्याला आनंद होईल आणि उरलेल्यांना पुन्हा तेच ऐकावे लागेल जे मराठीपुढे आजवर ऐकले : तुमचे अशुद्ध आहे.

पण ‘आधी मुद्रित करून ठेवू’ यालाही माझा आक्षेप आहे, आणि तो अनुभवातून आला आहे. काही वर्षांपूर्वी एक चमू गाडी घेऊन आमच्या गावी आला होता. दोन दिवस त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून गाणी, कथा, औषधींची नावे वदवून घेतली, छापील कागदांवर अंगठे घेतले आणि ते निघून गेले. त्या कागदावर काय होते ते आम्हाला कोणी वाचून दाखवले नाही. ज्यांनी कथा सांगितल्या त्यांतले दोघे आता नाहीत. त्यांच्या नातवंडांनी माझ्याकडे तो आवाज मागितला, आणि माझ्याकडे त्या चमूचा धड पत्ताही नव्हता. तुम्ही घरचे आहात हे मान्य, परंतु माइक समोर धरला की घरचा माणूसही पाहुणा होतो. म्हणून पहिला प्रश्न ध्वनिमुद्रण की लेखन हा नसून, त्या माणसाच्या हाती काय परत जाणार हा आहे.

निफाडची_द्राक्षे
मास्तर, आदर राखून विचारतो. मुले आश्रमशाळेत मराठी शिकतात आणि बाहेर इंग्रजीच्या मागे लागतात. फोनला माझी मराठीही धड कळत नाही, ‘छाटणी’ म्हटले की ‘चटणी’ लिहितो. अशा वेळी कोकणा ओळखणारे यंत्र नेमके कोण वापरणार?

सुरगाण्याचे_मास्तर
पहिलीत आलेले मूल पहिले काही महिने माझ्या वर्गात गप्प बसते. ते मंद नसते, त्याला शाळेची भाषा येत नसते. मी कोकणा बोलतो म्हणून ते निदान पाणी मागते. जेथे शिक्षक बाहेरचा आहे तेथे काय होत असेल याचा विचार करावा. अशा शिक्षकाला मुलाचे बोलणे कळवणारे काहीतरी हवे आहे. तुमच्या ‘चटणी’ला मात्र माझ्याकडे उपाय नाही.

वाणी_विचार
मी भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. मास्तरांच्या दोन्ही आक्षेपांवर लिहिते.

लेखनाबाबत माझा सल्ला असा की प्रमाणलेखन ठरवू नका, पण लिहिण्याचे थांबवूही नका. ध्वनिमुद्रणाखाली दोन पट्ट्या ठेवा. पहिल्या पट्टीत जे कानावर पडले तेच देवनागरीत लिहा, शेपट्यांसह. दुसरीत फक्त सोयीसाठी एक सामायिक रूप लिहा, म्हणजे शोधताना निरनिराळ्या गावांचा एकच शब्द एकत्र सापडेल. नेदरलँड्समधील माक्स प्लांक संस्थेचे ‘एलान’ हे मोफत साधन नेमके याच कामासाठी आहे. त्यात आवाजाच्या त्या-त्या क्षणाखाली हव्या तितक्या पट्ट्या लावता येतात. पुढे कोणी प्रमाण ठरवलेच तर दुसरी पट्टी बदलेल, पहिलीला हात लावावा लागणार नाही.

आता बोलते कसे करायचे, यावर. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, घर सोडून जाऊन शेवटी परतणाऱ्या उधळ्या पुत्राची एकच बायबलमधली गोष्ट शेकडो भाषांत भाषांतर करून घेतली होती. भिल्ल भाषा आणि खानदेशीचा १९०७ चा खंड उघडला तरी तोच उधळ्या पुत्र भेटतो. तुलनेला ते सोयीचे होते, परंतु समोर दुसऱ्या भाषेतला मजकूर असला की माणूस त्या मजकुराच्या वळणाने बोलतो. तुम्ही मराठी वाक्ये देऊन ‘हे कोकणात सांगा’ म्हणालात तर मराठीच्या साच्यातले कोकणा मिळेल, आणि यंत्र तेच शिकेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘वाणी’ प्रकल्पात लोकांना चित्रे दाखवून त्यांविषयी बोलायला सांगतात, ते मला अधिक पटते. तुमच्याकडे तर चित्रेही नकोत, नागलीची लावणी कशी करतात एवढे विचारले तरी पुरे.

पंचवटी_एक्सप्रेस
‘कोकणात सांगा’ असे म्हणालात तर माणूस रत्नागिरीची गाडी पकडेल.

शून्य_एक
दोन पट्ट्यांना माझा पाठिंबा आहे, फक्त एक खबरदारी घ्या. देवनागरीत ‘ऱ्या’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप करता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निरनिराळे शब्द असतात. चार जण चार कळफलकांवरून लिहू लागले की अशी जुळी अक्षरे साचत जातात आणि यंत्राने बरोबर ओळखलेला शब्दही चूक मोजला जातो. सगळे लेखन एकाच रूपात आणणारी छोटी आज्ञावली सुरुवातीलाच लिहा. लेखन ठरलेले नसताना शब्दांच्या चुका मोजण्यापेक्षा अक्षरांच्या चुका मोजा, अन्यथा एका शेपटीपायी अख्खा शब्द नापास होईल.

मोठ्या कंपन्या हे करून देतील अशी वाट पाहणाऱ्यांसाठीही एक माहिती देतो. मेटाने २०२३ मध्ये १,१०७ भाषांसाठी आवाज ओळखणारी व बोलणारी मॉडेले प्रसिद्ध केली. इतक्या भाषांचे बोलणे त्यांना मिळाले ते मुख्यत्वे बायबलच्या नव्या कराराच्या वाचनांतून, दर भाषेमागे सरासरी ३२ तास. काम मोठे आहे, नाकारत नाही. पण ते यंत्र धर्मग्रंथ वाचणाऱ्या, बहुतांशी पुरुषी आवाजावर वाढलेले आहे. त्याला सातमाळांच्या आजीचे बोलणे किती कळेल ते तुम्हीच ठरवा.

वाणी_विचार
म्हणजे उधळ्या पुत्र शंभर वर्षांनी पुन्हा घरी आला.

दिंडोरी_रोड
मास्तरांच्या ‘हाती काय परत जाणार’ या प्रश्नावरून न्यूझीलंडमधील माओरींचे उदाहरण आठवले. तेथील ‘ते हिकू मीडिया’ या माओरी प्रसारणसंस्थेने २०१८ मध्ये लोकांमध्ये स्पर्धा लावून अवघ्या १० दिवसांत ३०० तासांहून अधिक वाचन मुद्रित केले आणि त्यावर आपली यंत्रणा उभी केली. नंतर बाहेरच्या कंपन्यांनी डेटा मागितला तेव्हा त्यांनी तो दिला नाही. त्यांनी स्वतःचा परवाना तयार केला असून त्याच्या मुळाशी मालकीपेक्षा राखणदारीची कल्पना आहे. आपल्याकडे देवराई असते, तसेच काहीसे. ती कोणा एकाच्या सातबाऱ्यावर नसली तरी कुऱ्हाड घेऊन आत कोण जातो यावर गावाचे लक्ष असते.

याउलट लोकांकडून आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर दिलेला आवाज पूर्णपणे मुक्त होतो, त्याचे कोणी काहीही करू शकतो. सातमाळा, हा निर्णय पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्यावा लागेल, कारण एकदा मुक्त केलेले परत घेता येत नाही.

शून्य_एक
@दिंडोरी_रोड, उपमा छान आहे, तरी मला पटत नाही. माओरींच्या मागे स्वतःची प्रसारणसंस्था आहे, तंत्रज्ञ आहेत. कोकणाचा संग्रह कुलुपात ठेवला आणि किल्ली ज्याच्याकडे आहे त्याची नोकरी बदलली, तर तो संग्रह मास्तरांच्या त्या चमूकडच्या संग्रहासारखाच नाहीसा होईल. मुक्त ठेवला तर निदान एखादा विद्यार्थी दहा वर्षांनी त्यावर काम करील. मी आज जे काही शिकलो आहे ते दुसऱ्यांनी मुक्त ठेवले म्हणून शिकलो.

सुरगाण्याचे_मास्तर
आपले म्हणणे समजले. तरी सगळे बोलणे एका मापाने मोजू नये. बाजारभाव, पेरणी, पाणी, दवाखाना यांविषयीचे बोलणे खुशाल मुक्त करा. पण आमच्याकडे थाळीवर कथा लावतात. काशाच्या थाळीत मेणाने उभी काडी बसवतात, तिच्यावरून बोटे ओढली की थाळी घुमते आणि त्या सुरावर कथेकरी रात्रभर सांगतो. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा कोणी सांगायची आणि केव्हा सांगायची याचे आमच्या गावात संकेत आहेत. ती दुपारी तीन वाजता चहा पीत माइकवर सांगायची नसते. हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस संग्रहाजवळ असला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुना_ध्वनिमुद्रक
थाळीचा उल्लेख वाचून राहवले नाही. पूर्वी एकदा ती मुद्रित करण्याचा योग आला होता. तो सूर कथेकऱ्याच्या आवाजात असा मिसळतो की मीटरवर दोन्ही एकच दिसतात. मी माइक बाजूला सरकवू लागलो तेव्हा म्हातारबाबा म्हणाले, ‘थाळी नको असेल तर मीही नको.’ तुमच्या यंत्राला त्यातून शब्द वेगळे काढणे महाकठीण जाईल. मास्तर, ती कथा यंत्रासाठी नव्हेच. ती निराळ्या फायलीत, आहे तशी ठेवावी.

बागलाणकर
मूळ प्रश्नाकडे येऊ. निफाडकरांनी विचारले की वापरणार कोण. छत्तीसगडमध्ये ‘सीजीनेट स्वर’ने साध्या फोनवरून गोंडीत व इतर भाषांत बातमी सांगण्याची आणि ऐकण्याची सोय केली, तेथे आवाज ओळखणाऱ्या यंत्राची गरजही पडली नव्हती. माणूस बोलतो, दुसरा माणूस ऐकून तपासतो आणि तिसरा ऐकतो. सातमाळा, सगळे बोलणे ओळखण्याच्या मागे न लागता एखाद्या लहान कामापासून सुरुवात केलीत तर?

सातमाळा (तीन आठवड्यांनंतर)
उशिराबद्दल क्षमस्व. दोन रविवार पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर गेलो. मास्तर बरोबर होते म्हणून लोक बोलले, नाहीतर मी अजून ओट्यावर चहाच पीत असतो.

बागलाणकरांचे म्हणणे मानले. सगळी भाषा ओळखण्याचा नाद सोडला असून तूर्त चाळीस शब्द ठरवले आहेत : पिकांची नावे, एक ते वीस आकडे, होकार-नकार, पाऊस, आज, उद्या. एवढे साध्या फोनच्या ओळीवर ओळखता आले तर बाजारभाव व हवामान कोकणात, क्षमा करा, कोकणा भाषेत ऐकवता येईल. ऐकवण्यासाठी यंत्राचा आवाज नकोच, मास्तरांच्या पत्नी तीच वाक्ये बोलून देणार आहेत. संमतीचा मजकूर आम्ही कोकणात लिहिला (आता दुरुस्त करीत नाही), तो प्रत्येकाला वाचून दाखवला आणि होकारही आवाजातच घेतला. रोजचे बोलणे मुक्त राहील. गाणी-कथा घेतल्याच नाहीत. शून्य_एक यांना हे अर्धेच पटेल, याची कल्पना आहे.

अकरा माणसे झाली. पहिल्या रविवारची तीन ध्वनिमुद्रणे वाया गेली, कारण पत्र्यावरच्या पावसाने माणसाला पार झाकून टाकले. एका ठिकाणी कोंबडा प्रत्येक आकड्यानंतर न चुकता आरवला आहे, त्यामुळे यंत्राने त्याला भाषेचा भाग मानू नये म्हणून तो संच बाजूला ठेवला. माणसे वेगळी ठेवून चाचणी घेतली तेव्हा निम्म्याहून अधिक शब्द चुकले, सबब पेढे नाहीत. नागली मात्र पहिल्याच फेरीपासून बरोबर येते.

लेखन दोन पट्ट्यांत चालू आहे. पहिली पट्टी आजी तपासते. मी वाचतो, ती ऐकते, आणि ‘असं नाही म्हणली ती’ म्हणून पुन्हा लावायला सांगते. पेठजवळच्या एका बाईंचा आवाज तिने चार वेळा लावून घेतला. चुकीसाठी असेल असे मला वाटले, पण त्या बाई तिच्या माहेरच्या शेजारच्या निघाल्या.

सुरगाण्याचे_मास्तर
ज्यांचे ज्यांचे बोलणे घेतले त्यांना ते मेमरी कार्डावर पोहोचले का?

सातमाळा
आठ जणांना पोहोचले. उरलेल्या तिघांची या रविवारी देतो. सकाळी सातला पेठ फाट्यावरून निघतो आहे, गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.

जुना_ध्वनिमुद्रक
एक जागा माझी. गोधड्या मी आणतो.

पंचवटी_एक्सप्रेस
दुसरी माझी. मला कोकणा येत नाही आणि संगणकातलेही कळत नाही, पण कोंबडा झाकायला डालगे आणू शकतो.